एकट्याने, कुणाच्या मदतीविना

पावसाळ्यात वर्सोवा पूल ओलांडून मुंबई–अहमदाबाद महामार्गाने वसईच्या हद्दीत शिरलं की थेट विरार फाट्यापर्यंत दुचाकीवाल्याची नजर रस्त्यावरून हटत नाही. पुढचा कंटेनर एकाएकी थांबतो, हात-पाय आपोआप ब्रेक आवळतात. ओल्या डांबरावर चाक अडकून गाडी आता आडवी होणार असं वाटत असतानाच ब्रेकमध्ये बारीक थरथर जाणवते आणि गाडी सरळ राहते. ही थरथर एबीएसची. चाक अडकायच्या बेतात आलं की ही यंत्रणा ब्रेक क्षणभर सोडते, पुन्हा धरते, पुन्हा सोडते. माणसाच्या बोटांना जमणार नाही इतक्या वेगाने हे चालतं. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे.

जगातल्या सर्वांत वेगवान शर्यतीत, फॉर्म्युला वनमध्ये, हेच एबीएस लावायला १९९४ पासून मनाई आहे. तिथल्या इंजिनिअरांना ते येत नाही असं मुळीच नाही. त्यांनी ते १९९३ मध्ये वापरून दाखवलं होतं, आणि इतकं उत्तम वापरलं होतं की शर्यतीच्या कारभाऱ्यांना धडकी भरली. गाडी माणसाने किती चालवावी आणि यंत्राने किती, या वादाला तिथे चाळीसेक वर्षं झाली. तो वाद कसा पेटला, कुणी विझवू पाहिला आणि तो विझला का नाही, हे सांगण्यासारखं आहे.

सुरुवात झाली जमिनीशी चिकटण्याच्या धडपडीतून. १९७०च्या दशकाच्या शेवटी लोटस संघाच्या कॉलिन चॅपमन यांनी गाडीचा तळ असा घडवला की खालून जाणारी हवा गाडीला रस्त्याकडे ओढून धरायची. वळणांवरचा वेग भयंकर वाढला. १९८३ साठी नियम बदलून गाडीचा तळ सपाट करायला लावला गेला. पण एक गोष्ट सगळ्यांच्या ध्यानात आली होती. गाडीचा तळ रस्त्यापासून कायम एकाच उंचीवर ठेवता आला, तर हवा तुमची चाकर होते. साध्या स्प्रिंगवरची गाडी ब्रेक लावला की नाक खाली घालते आणि वेग घेतला की मागे बसते. मग स्प्रिंगच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारे दट्टे बसवून त्यांना संगणकाने क्षणोक्षणी हुकूम द्यायचा, ही कल्पना पुढे आली. तिचं नाव ॲक्टिव्ह सस्पेन्शन. लोटसने ते १९८३ मध्येच आजमावलं, आणि १९८७ मध्ये आयर्टन सेन्नाने त्याच्या जोरावर मोनॅको आणि डेट्रॉइटच्या शर्यती जिंकल्या.

दुसरी वाट फेरारीने काढली. तोवर चालकाचा उजवा हात सतत गिअरच्या दांड्यावर असायचा. डाव्या पायाने क्लच, उजव्या पायाने ब्रेक सांभाळतानाच ॲक्सिलरेटरला टोला, आणि हे सारं एका हाताने स्टिअरिंग धरून. एक गिअर चुकीचा पडला तर इंजिन फुटायचं. जॉन बार्नर्ड यांनी १९८९च्या फेरारीत दांडाच काढून टाकला आणि स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या बसवल्या. उजवी ओढली की वरचा गिअर, डावी ओढली की खालचा. सरावात ही गाडी इतक्यांदा बंद पडली होती की नायजेल मॅन्सेलला ब्राझीलची पहिली शर्यत पुरी होण्याची आशा नव्हती. त्याने परतीचं लवकरचं विमान धरायची तयारी ठेवली होती, असं तो पुढे सांगत असे. २६ मार्च १९८९ला तो ती शर्यत जिंकला. काही वर्षांत सगळे दांडे गेले.

या दोन वाटा १९९२ मध्ये विल्यम्स संघाच्या एफडब्ल्यू१४बी या गाडीत एकत्र आल्या. पॅट्रिक हेड आणि एड्रियन न्यूई यांची ही गाडी. तिच्यात ॲक्टिव्ह सस्पेन्शन होतं, पट्ट्यांचा गिअरबॉक्स होता, आणि ट्रॅक्शन कंट्रोलही होतं. मागची चाकं जागच्या जागी भिरभिरू लागली की संगणक इंजिनाची ताकद आपणहून कमी करायचा. मॅन्सेलने हंगामातल्या पहिल्या पाचही शर्यती जिंकल्या, १६ पैकी १४ वेळा सर्वांत पुढून सुरुवात केली आणि ऑगस्टमध्ये हंगेरीत, पाच शर्यती बाकी असतानाच, विजेतेपद खिशात घातलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या गाडीविषयी एक समज पक्का झाला आहे की ती आपोआप जिंकायची, वर कुणीही बसवा. सिल्व्हरस्टोनचे आकडे वेगळं सांगतात. त्या वर्षी तिथल्या पात्रता फेरीत मॅन्सेलने एक फेरी १ मिनिट १८.९६५ सेकंदांत मारली. त्याचा सहकारी रिकार्डो पात्रेसे दुसरा आला, १.९१९ सेकंद मागे. दोघांची गाडी एकच, दोघांचे संगणक सारखे, पात्रेसे अनुभवाने थोर, आणि तरी जवळजवळ दोन सेकंदांचं अंतर! त्या खेळात हे अंतर म्हणजे दरी. कारण असं की ॲक्टिव्ह सस्पेन्शनमुळे गाडीची हालचाल चालकाच्या अंगाला नेहमीसारखी कळत नसे. वळणात शिरताना ती आधी घसरतेय असं वाटे आणि मग घट्ट धरत असे. त्या मधल्या क्षणी पाय न उचलण्याची छाती मॅन्सेलकडे होती. पात्रेसेला गाडीचं अंग आपल्या अंगाला कळल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवता येत नव्हता. यंत्राने चालकाचं काम संपवलं नव्हतं, एका जातीचं कसब मागे सारून दुसऱ्या जातीचं पुढे आणलं होतं. या सबंध इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते, आणि त्या काळी ती फार थोड्यांनी ऐकून घेतली.

१९९३ मध्ये विल्यम्सने त्यात एबीएसची भर घातली. आलँ प्रोस्त आणि डेमन हिल यांनी १६ पैकी १५ वेळा पहिली जागा घेतली. प्रोस्तने चौथं विजेतेपद मिळवलं. मॅक्लारेनमधून लढणाऱ्या सेन्नाला यंत्रांचा हा सुळसुळाट आवडत नव्हता आणि तो ते उघड बोलायचा. त्याच्याही गाडीत ॲक्टिव्ह सस्पेन्शन आणि ट्रॅक्शन कंट्रोल होतं, तरी ११ एप्रिलला डॉनिंग्टनच्या पावसात त्याने जे केलं ते यंत्राच्या खात्यावर टाकता येत नाही. सुरुवातीला तो पाचवा पडला. शूमाकर, वेंडलिंगर, हिल आणि प्रोस्त यांना एकेक करून मागे टाकत पहिली फेरी संपताना तो सर्वांत पुढे होता.

पण कारभाऱ्यांना डॉनिंग्टनपेक्षा बाकीच्या पंधरा शर्यती दिसत होत्या. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचे, म्हणजे एफआयएचे, अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांच्यापुढे तीन दुखणी होती. खर्च असा वाढला होता की लहान संघ बुडायच्या बेतात होते. निकाल आधीच ठाऊक असल्याने टीव्हीवरचा प्रेक्षक कंटाळत होता. आणि चालकाचं मोल कमी होतंय अशी तक्रार खुद्द चालकच करत होते. १९९३च्या कॅनडाच्या शर्यतीत तांत्रिक अधिकारी चार्ली व्हायटिंग यांनी अहवाल दिला की ॲक्टिव्ह सस्पेन्शन आणि ट्रॅक्शन कंट्रोलमुळे मैदानातल्या जवळजवळ सगळ्या गाड्या नियमाबाहेरच्या ठरतात. संघांना वाकवण्यासाठी उगारलेला तो बडगा होता. विल्यम्स आणि मॅक्लारेन यांनी बराच विरोध केला, शेवटी तडजोड झाली. हंगाम आहे तसा संपवायचा आणि १९९४ पासून सगळं बंद करायचं, असं ठरलं. ॲक्टिव्ह सस्पेन्शन, ट्रॅक्शन कंट्रोल, एबीएस आणि सुरुवातीला गाडी आपोआप सोडणारं लाँच कंट्रोल, सगळं एका फटक्यात गेलं. नियमांमागचं तत्त्व स्पष्ट होतं. चालकाने गाडी एकट्याने, कुणाच्या मदतीविना चालवायची.

तत्त्व मला पटतं. घाई पटत नाही. दोन वर्षं ज्या गाड्यांचा सारा आकार संगणकाने धरलेल्या उंचीवर बेतलेला होता, त्यांच्याखालून तो आधार एका हिवाळ्यात काढून घेतला गेला, आणि इंजिनाची ताकद होती तेवढीच राहिली. हंगामाआधीच सेन्नाने इशारा दिला होता की या वर्षी खूप अपघात होतील आणि काही भीषण घडलं नाही तर ते नशीबच. तो आता विल्यम्समध्ये आला होता, आणि ती गाडी चंचल निघाली. घरच्या ब्राझीलच्या शर्यतीत तो गिरकी घेऊन बाहेर पडला. ३० एप्रिलला इमोलात सिमटेकच्या रोलंड रात्झेनबर्गरचा पात्रता फेरीत मृत्यू झाला. १ मे रोजी सेन्ना गेला.

सेन्नाच्या अपघाताचं कारण इटलीच्या न्यायालयात वर्षानुवर्षं गाजलं. तिथला मुख्य मुद्दा होता कापून जोडलेल्या स्टिअरिंगच्या दांड्याचा. बंदीने सेन्नाला मारलं असं कुणी म्हटलं तर तो अन्याय होईल. पण २०१७ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात न्यूई यांनी गाडीच्या त्या अस्थिर आकाराची जबाबदारी स्वतःवर घेतली आहे आणि तो सल आजही जात नाही असं लिहिलं आहे. ॲक्टिव्ह सस्पेन्शन गेल्यावर हवेचं गणित नव्याने मांडायला हवं होतं, ते आपल्याला साधलं नाही, असा त्यांचा कबुलीजबाब आहे. बंदीचा निर्णय कागदावर एका ओळीचा असला तरी त्याचं ओझं कुणाच्या हातात पडतं, हे त्या वर्षी दिसलं.

त्याच वर्षी दुसरी अडचणही उघडी पडली. नियम मोडला हे ओळखायचं कसं? जादा पंखा डोळ्यांना दिसतो, संगणकातल्या ओळी दिसत नाहीत. जपानमधल्या आइदाच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर बाद झालेला सेन्ना तिथेच थांबून शूमाकरच्या बेनेटनचा आवाज ऐकत राहिला. त्या आवाजात ट्रॅक्शन कंट्रोल आहे असा त्याचा संशय होता. एफआयएने लिव्हरपूलच्या एका कंपनीकडून संघांचे प्रोग्रॅम तपासून घेतले. मूळ प्रोग्रॅम वेळेवर न दिल्याबद्दल बेनेटन आणि मॅक्लारेनला प्रत्येकी १ लाख डॉलर दंड झाला. बेनेटनच्या संगणकात लाँच कंट्रोल सापडलं, तेही यादीत न दिसणाऱ्या तेराव्या पर्यायाआड दडलेलं. तो जुन्या प्रोग्रॅमचा उरलेला भाग आहे, असं संघाचं म्हणणं होतं. शर्यतीत ते वापरल्याचा पुरावा मिळाला नाही. शूमाकर त्या वर्षी विजेता झाला, आणि संशय मात्र कायम राहिला.

आता येतो या कथेतला माझा सर्वांत आवडता भाग, कारण त्यात संगणक नाहीच. १९९७च्या सप्टेंबरमध्ये डॅरन हीथ या छायाचित्रकाराला ऑस्ट्रियात एक विचित्र गोष्ट दिसली. वळणातून वेग घेत बाहेर पडणाऱ्या मॅक्लारेनच्या मागच्या ब्रेकची चकती लालभडक तापलेली होती. वेग घेताना ब्रेक कोण लावतं? त्याच महिन्यात न्यूरबर्गरिंगला मॅक्लारेनच्या गाड्या बंद पडल्या तेव्हा हीथने संधी साधली आणि चालक उतरून गेल्यावर कॅमेरा थेट पायांकडच्या अंधारात घातला. फोटोत एक जादा पेडल दिसलं. अमेरिकन इंजिनिअर स्टीव्ह निकल्स यांची ही युक्ती. ते पेडल दाबलं की मागच्या एकाच चाकाला ब्रेक लागायचा आणि गाडी त्या बाजूला वळायची. आपल्याकडे शेतात ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात आणि बांधाशी वळताना एकच दाबला जातो.

संगणक नाही, सेन्सर नाही, खर्चही किरकोळ. सगळी कमाल चालकाच्या पायाची, कारण एका पायाने वेग देत दुसऱ्याने नेमका किती दाब द्यायचा हे त्यालाच ठरवायचं होतं. १९९८च्या पहिल्या शर्यतीत मेलबर्नला मिका हाक्किनेन आणि डेव्हिड कूल्टहार्ड यांनी बाकी सगळ्यांना एक फेरी मागे टाकलं. पुढच्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, फेरारीने तक्रार केली की हे चार चाकांनी वळण्याचंच एक रूप आहे. पंचांनी ते मान्य केलं आणि पेडलवर बंदी आली. पेडल काढूनही मॅक्लारेनने ब्राझीलला पहिले दोन क्रमांक पटकावले.

‘एकट्याने, कुणाच्या मदतीविना’ या तत्त्वाची खरी कसोटी इथे होती आणि तत्त्व तिथे कमी पडलं, असं माझं मत आहे. चालकाचं कौशल्य वाचवायचं होतं, तर कौशल्याची मागणी वाढवणारं हे पेडल ठेवायला हवं होतं. प्रत्यक्षात बंदी बसली ती एका संघाला फार पुढे नेणाऱ्या कल्पनेवर. हात-पायांनी चालणारी असो वा संगणकाची, ती कुणाच्या गाडीत आहे हेच अनेकदा निर्णायक ठरलं.

पंचांचं काम सोपं होतं असं मात्र नाही. त्याच १९९८च्या जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला पंचांच्या मंडळात मुंबईचे नझीर हुसेन होते. १९८० मध्ये हिमालयन रॅली सुरू करून भारतीय मोटार शर्यतीला जगाच्या नकाशावर नेणारे हेच ते हुसेन. तिथे संगणकाचा प्रश्न नव्हता. दंडाची चिठ्ठी फेरारीकडे उशिरा पोहोचली आणि नेमका कोणता दंड ते तिच्यातून स्पष्ट होईना. आता फेरारीत असलेल्या शूमाकरने शेवटच्या फेरीत पिटमध्ये शिरून तिथेच शर्यत जिंकली आणि मग दंड भरला. वाद थेट महासंघाच्या परिषदेत गेला. घड्याळ, कागद आणि डोळे यांवर चालणाऱ्या न्यायात इतका गुंता होत असेल, तर हजारो ओळींच्या प्रोग्रॅमची शहानिशा दर पंधरवड्याला कोण करणार?

कुणीच करू शकणार नाही, हे एफआयएने २००१ मध्ये मान्य केलं. २९ एप्रिलच्या स्पेनच्या शर्यतीपासून ट्रॅक्शन कंट्रोल आणि लाँच कंट्रोल पुन्हा खुलं झालं. पहिल्याच दिवशी कूल्टहार्डची गाडी सुरुवातीच्या रांगेत जागची हलली नाही आणि त्याला सगळ्यांच्या मागून निघावं लागलं. पुढची सात वर्षं वळणातून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा अडखळता, तुटक आवाज या खेळाची ओळख झाला. लाँच कंट्रोल २००४ साठी पुन्हा बंद झालं, ट्रॅक्शन कंट्रोल राहिलं. २००५ मध्ये टाटांच्या पाठबळावर जॉर्डन संघातून उतरलेला नारायण कार्तिकेयन हा पहिला भारतीय याच काळातला.

उत्तर सापडलं ते साधं होतं. प्रत्येक संघाचा संगणक तपासण्यापेक्षा सगळ्यांना एकच संगणक द्यायचा. २००८ पासून मॅक्लारेनची इलेक्ट्रॉनिक्स शाखा आणि मायक्रोसॉफ्ट यांनी बनवलेला एकच नियंत्रक सर्व गाड्यांत बसला आणि त्यात ट्रॅक्शन कंट्रोलची सोयच ठेवली नाही. परिणाम जुलैत सिल्व्हरस्टोनच्या पावसात दिसला. लुईस हॅमिल्टन ६८ सेकंदांहून अधिक फरकाने जिंकला. विजेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणाऱ्या फेलिपे मासाने त्याच शर्यतीत पाच वेळा गिरकी घेतली. उजवा पाय किती हळुवार आहे, हे पुन्हा उघड्यावर मोजलं जाऊ लागलं.

इंजिनिअर मात्र स्वस्थ बसत नसतात. संगणकाची वाट बंद झाल्यावर ते पुन्हा चालकाच्या शरीराकडे वळले. २०१० मध्ये मॅक्लारेनने गाडीत हवेची एक नळी आणली. सरळ रस्त्यावर चालकाने गुडघ्याने तिचं भोक झाकलं की मागच्या पंख्याचा विरोध कमी होऊन वेग वाढायचा. फेरारीच्या चालकांनी तेच हाताने केलं, म्हणजे ताशी तीनशेच्या आसपास स्टिअरिंगवर एकच हात. पुढच्या वर्षी ही नळी गेली आणि त्याच कामासाठी सगळ्यांना एक बटण मिळालं. बटण सुरक्षित होतं, हे मान्य. पण ते केव्हा दाबायचं हेही नियमच सांगायचा.

मदत फक्त तारांमधून येत नाही, हेही कळत गेलं. २०१६ मध्ये रेडिओवरून चालकाला शिकवण्यावर निर्बंध आले. ब्रिटनच्या शर्यतीत गिअरबॉक्स अडकलेल्या निको रोसबर्गला संघाने काय करायचं ते सांगितलं, म्हणून दहा सेकंदांचा दंड होऊन तो दुसऱ्यावरून तिसरा झाला. काही आठवड्यांतच ते निर्बंध सैल करावे लागले. या गाड्या इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या आहेत की चालकाला खरोखर एकटं सोडलं तर तो त्या नीट वापरूही शकत नाही.

या साऱ्याचं फलित काय? शर्यतीतून हाकललेली यंत्रं रस्त्यावर स्थिरावली. खरं तर एबीएस आधी रस्त्यावरच आलं होतं. १९७८ मध्ये बॉशची यंत्रणा मर्सिडीजच्या महागड्या गाडीत बसली होती. ट्रॅक्शन कंट्रोल आज मध्यम किमतीच्या मोटारीतही मिळतं. रस्त्यावर माणसाला सुखरूप घरी पोहोचायचं असतं, त्यामुळे मदत मिळेल तेवढी थोडी. शर्यतीत प्रश्न वेगळा असतो, कोण सरस? त्यामुळे दोन्हीकडचे नियम एकमेकांविरुद्ध दिसले तरी दोन्ही योग्य आहेत. माझी तक्रार एवढीच की शर्यतीने हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला १९९४ पासून २००८ पर्यंतची चौदा वर्षं घेतली.

तरी भांडण संपलेलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बार्सिलोनाच्या सरावात हॅमिल्टन स्टिअरिंग स्वतःकडे ओढताना आणि पुढे ढकलताना कॅमेऱ्यात दिसला आणि सगळे चक्रावले. स्टिअरिंग ओढलं की पुढच्या चाकांचा कोन बदलायचा. चालकाच्या दंडांनी चालणारी ही मर्सिडीजची युक्ती होती. रेड बुलची तक्रार फेटाळली गेली. मात्र २०२१ पासून ती चालणार नाही, असं आधीच ठरलेलं होतं.

त्याच २०२०च्या ६ डिसेंबरला बहारीनच्या साखीर मैदानावर मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला टूची आपली पहिली शर्यत जिंकली. या गाड्यांना ट्रॅक्शन कंट्रोल नसतं, एबीएस नसतं, आणि पॉवर स्टिअरिंगही नसतं. मनगटं आणि खांदे यांच्या बळावर त्या वळवाव्या लागतात. काही तासांनी त्याच मैदानावर फॉर्म्युला वन धावली, आणि कोविड झालेल्या हॅमिल्टनच्या जागी बसलेल्या जॉर्ज रसेलच्या मर्सिडीजमध्ये ते ओढायचं स्टिअरिंग होतं. १३ डिसेंबरला अबू धाबीत हंगामाची शेवटची शर्यत झाली. त्यानंतर ते पुन्हा कुणाच्या गाडीत बसलं नाही.